बंड्याला घेऊन रेडवूडमध्ये

"कुत्र्याला घेऊन रेडवूडमध्ये कॅम्पिंगला जाता येतं का गं?" हा प्रश्न मला सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या मैत्रिणी इतक्यांदा विचारतात की आता एकदा बसून सगळं लिहूनच काढते. रेडवूड म्हणजे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतची उंचच उंच झाडांची रानं. तिथे कुत्र्याला नेता येतं. मनसोक्त येतं. फक्त निघण्याआधी एक गोष्ट पक्की ठाऊक हवी. कॅम्पग्राउंडमध्ये कुत्रा चालतो म्हणून जंगलातल्या ट्रेलवरही चालेल, असं नाही. किंबहुना बहुतेक ट्रेलवर चालतच नाही. अनेकांची सहल इथेच बिनसते. तंबू ठोकून होतो, मुलं बूट घालून तयार होतात आणि ट्रेलच्या तोंडाशी पाटी दिसते: कुत्र्यांना मनाई. मग कोणीतरी हिरमुसून कुत्र्याबरोबर मागे राहतं आणि घरी आल्यावर सगळ्यांना सांगत सुटतं की रेडवूड कुत्र्यांसाठी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की अशा सहलीत आधी कुत्र्याचा दिवस आखावा, मग आपला. तो सकाळी कुठे चालणार, दुपारी कुठे लोळणार, कुठल्या किनाऱ्यावर पळणार हे ठरलं की बाकीचं आपोआप जुळतं. आमचा बंड्या शेल्टरमधून आणलेला आहे. थोडा कॅटल डॉग (गुरं राखणारी जात), बाकी कशाकशाचा कोण जाणे. नाक सतत जमिनीला. दिवसाला चार-पाच मैल चालला नाही तर रात्री तंबूत कोणालाच झोपू देत नाही. त्यामुळे आम्हाला हे सगळं नीट शोधावंच लागलं.

आधी नियम, कारण त्यांच्यावरच सगळं ठरतं. कॅलिफोर्नियाच्या उत्तर टोकाला, ओरिक गावापासून क्रेसेंट सिटीच्या पुढपर्यंत रेडवूड नॅशनल अँड स्टेट पार्क्स पसरलेली आहेत. १९६८ साली झालेलं नॅशनल पार्क आणि प्रेअरी क्रीक, डेल नॉर्ट कोस्ट व जेडेडाया स्मिथ ही तीन स्टेट पार्क्स यांचा कारभार १९९४ पासून एकत्र चालतो. इथे कुत्र्याला कॅम्पग्राउंड, पिकनिकच्या जागा, पार्किंग, गाड्यांचे रस्ते आणि त्यांच्या कडेची १०० फुटांपर्यंतची जागा, आणि ठरावीक समुद्रकिनारे एवढं मोकळं आहे. लीश, म्हणजे कुत्र्याची दोरी, ६ फुटांपेक्षा लांब नको. रात्री कुत्रा तंबूत किंवा गाडीत. आणि त्याला साइटवर किंवा गाडीत एकटा सोडून कुठेही जायचं नाही. सर्व्हिस डॉगची, म्हणजे अपंगांच्या मदतीसाठी शिकवलेल्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी, त्यांना ट्रेलवरही जाता येतं.

हे नियम मला पटतात, अगदी मनापासून पटतात, आणि त्याचं कारण एक पक्षी आहे. मार्बल्ड मरलेट नावाचा छोटासा समुद्रपक्षी. वजन जेमतेम पाव किलो. पोट भरायला समुद्रावर जातो, पण अंडं घालायला जुन्या रेडवूडच्या रानात येतो. तेही घरटं न बांधता, शे-दीडशे फूट उंचावरच्या एखाद्या रुंद फांदीवर, शेवाळाच्या गादीवर. एका वेळी एकच अंडं. आईबाप पहाटेच्या अंधारात समुद्रावरून मासा घेऊन मैलोन् मैल आत येतात, पिल्लाला भरवतात आणि परत जातात. हा पक्षी घरटं करतो तरी कुठे हे पक्षीशास्त्रज्ञांना कित्येक वर्षं कळत नव्हतं. १९७४ मध्ये बिग बेसिन पार्कात झाडावर चढलेल्या एका कामगाराला ते अचानक सापडलं. १९९२ पासून हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

आता याचा बंड्याशी काय संबंध? संबंध आहे तो त्याच्या वाडग्याशी. कॅम्पग्राउंडमध्ये सांडलेल्या खाण्यावर स्टेलर्स जे आणि डोमकावळे टपून असतात. निळाशार अंग आणि काळा तुरा असलेला स्टेलर्स जे फार देखणा पक्षी आहे आणि अतिशय धीट. जिथे आयतं खाणं मिळतं तिथे त्यांची संख्या वाढते, आणि हेच पक्षी मरलेटची अंडी आणि पिल्लं खातात. म्हणून या पार्कांमध्ये जागोजागी सांगितलेलं असतं की कणही सांडू नका. माणसं चिप्स आणि ब्रेडचे तुकडे उचलतात, पण कुत्र्याच्या किबलकडे, म्हणजे त्याच्या कोरड्या खाण्याकडे, कोणाचं लक्ष जात नाही. कुत्रा अर्धा वाडगा खातो, उरलेला "खाईल नंतर" म्हणून टेबलाखाली राहतो, आणि पाच मिनिटांत स्टेलर्स जे हजर.

त्यामुळे बंड्याच्या जेवणाची आमची पद्धत ठरलेली आहे. खाली जुनी सुती चादर पसरायची आणि तिच्यावर वाडगा. तो जेवत असताना एक जण शेजारी उभा. त्याचं झालं की वाडगा लगेच उचलायचा, चादर गाडीच्या डिकीत झटकायची आणि शेवटचा दाणासुद्धा पिशवीत. वाडग्याचं धुवायचं पाणी झुडपात फेकायचं नाही, भांड्यांच्या पाण्याबरोबर सिंकमध्येच ओतायचं. किबलची पिशवी, ट्रीट्स, चघळायची हाडं, सगळं साइटवरच्या लोखंडी फूड लॉकरमध्ये. या भागात काळी अस्वलं आहेत आणि त्यांच्या दृष्टीने आपला फ्राइड राइस आणि कुत्र्याचं खाणं एकच. ही सवय लागायला दोन जेवणं पुरतात.

तर चालायचं कुठे?

प्रेअरी क्रीकमध्ये न्यूटन बी. ड्रुरी पार्कवे हा १० मैलांचा रस्ता जुन्या रानातून जातो. व्हिजिटर सेंटरपासून जवळच त्यातून कॅल बॅरल रोड फुटतो. हा कच्चा, अरुंद, वर चढत जाणारा रस्ता आहे आणि त्यावर लीश लावलेला कुत्रा नेता येतो. माझ्या मते कुत्रेवाल्यांसाठी अख्ख्या रेडवूडमधली ही सर्वांत मोलाची जागा. नाव रस्ता असलं तरी सकाळी लवकर गेलात तर गाडी क्वचितच दिसते. दोन्ही बाजूंना तीनशे फुटांच्या आसपास गेलेली झाडं, त्यांच्या बुंध्यांभोवती कमरेएवढे नेचे आणि जमिनीवर रेडवूड सॉरेलचा हिरवा गालिचा. सॉरेलची पानं तीन दलांची, हृदयाच्या आकाराची. त्यांच्यावर थेट ऊन आलं की ती मिटून खाली झुकतात. उन्हाचा एक कवडसा सरकत येताना पानं मिटत जाताना मी स्वतः पाहिली आहेत, बंड्या शेजारीच एका कुजक्या ओंडक्यात नाक खुपसून उभा होता म्हणून. कुत्रा थांबला की आपण थांबतो आणि थांबल्यामुळेच काही गोष्टी दिसतात. ट्रेलवर चार मैल झपाझप चालून आले असते तर मला सॉरेल दिसलं नसतं.

उन्हाळ्यात तिथे धुकं असतं. पाऊस नसतानाही झाडाखाली टपटप पाणी पडत असतं. समुद्रावरून आलेलं धुकं सुयांसारख्या पानांवर साठतं आणि खाली गळतं. कोरड्या उन्हाळ्यात ही झाडं तगतात ती या पाण्यावर. वर्षभराच्या पाण्यातला सुमारे तिसरा हिस्सा धुक्यातून मिळतो असं अभ्यासकांनी मोजलेलं आहे. बंड्याच्या पाठीवर थेंब पडला की तो दचकून वर बघतो आणि वर बघितल्यावर तर काही दिसतच नाही, फक्त पांढरं.

याच झाडांची मुळं मात्र उथळ असतात, साधारण ६ ते १२ फूट. आडवी पसरतात ती शंभर फुटांपर्यंत आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. म्हणून रस्ता किंवा पायवाट सोडून बुंध्यापर्यंत जाणं वाईट. माती दाबली जाते, मुळांना हवा-पाणी मिळत नाही. हायपेरियन हे जगातलं सर्वांत उंच झाड, ३८० फूट, २००६ साली सापडलं आणि मग लोकांनी त्याच्याभोवतीचा झाडोरा तुडवून टाकला. अखेर २०२२ मध्ये पार्कने तो भाग बंद केला. तिथे गेलात तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवास होऊ शकतो. कुत्रा लीशवर असला तरी त्याला झुडपात शिरायची ओढ असते, आणि त्याच्यामागे आपण शिरतो. बंड्याला मी रस्त्याच्या मधोमध चालायला शिकवलं आहे.

दुसरा असाच रस्ता म्हणजे जेडेडाया स्मिथमधला वॉकर रोड. हायवे १९९ वरून आत वळायचं आणि कच्च्या रस्त्याने जुन्या रानातून स्मिथ नदीकडे जायचं. कॅल बॅरलपेक्षा सपाट आहे, वयस्कर कुत्र्याला आणि वयस्कर माणसांना सोपा. रस्त्यावरून फुटणाऱ्या पायवाटांवर मात्र कुत्र्याला बंदी, हे लक्षात ठेवा. याच पार्कातला हॉवलंड हिल रोड गाडीने करण्यासारखा आहे. एकेक बुंधा इतका रस्त्यालगत की खिडकीतून हात बाहेर काढला तर लागेल असं वाटतं. मोठी आरव्ही, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, मात्र तिथे नेऊ नका.

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे आली होती. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे तिलाही ट्रेल नकोच होते. बंड्या आणि ती, दोघांचा दिवस एकसारखा आखला गेला. सकाळी वॉकर रोडवर हळूहळू फेरी, मग जेडेडाया स्मिथ कॅम्पग्राउंडमध्ये नदीकाठी खुर्ची. आम्ही स्टाउट ग्रोव्ह ही जुन्या झाडांची राई बघायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही या जाऊन. मी आणि हा बसतो इथेच. पोह्यांचे चिवडे-बिवडे काही बाहेर काढत नाही, तो निळा पक्षी बघतोय माझ्याकडे मघापासून." परत आलो तर बंड्या तिच्या पायावर मान टाकून झोपलेला आणि तिच्या मांडीवर लीश दोनदा गुंडाळलेली. "सोडली नाही हो मी," हे तिने मला न विचारता सांगितलं.

दोन मोठी माणसं असतील तर पाळी लावणं हा सगळ्यात सरळ मार्ग. गोल्ड ब्लफ्स बीचला आम्ही नेहमी तेच करतो. तिथलं कॅम्पग्राउंड वाळूच्या टेकाडांत आहे, समोर समुद्र आणि मागे सोनेरी कडे. किनाऱ्यावर लीश लावून कुत्रा चालतो. तिथून जवळच फर्न कॅनियन आहे, जिथे ओढ्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भिंती वरपासून खालपर्यंत नेच्यांनी झाकलेल्या आहेत. तिथे कुत्रा चालत नाही. नवरा आणि मुलगी आधी जाऊन येतात, बंड्या आणि मी किनाऱ्यावर. मग उलट. कोणाची घाई होत नाही, आणि खरं सांगायचं तर अशा जागी एकटीने चालणं मला जास्त आवडतं. १५ मे ते १५ सप्टेंबर या काळात फर्न कॅनियनला गाडी न्यायला आधी परमिट काढावं लागतं. तिकडे जाणारा डेव्हिसन रोड कच्चा आणि खड्ड्यांचा आहे, ट्रेलर न्यायला परवानगी नाही.

या रस्त्यावर आणि एल्क प्रेअरी कॅम्पग्राउंडच्या कुरणात रूझवेल्ट एल्कचे, म्हणजे सांबरासारख्या मोठ्या हरणांचे कळप असतात. नर हजार पौंडांच्या घरातला. कुत्रा त्यांच्या लेखी लांडगाच. मे-जूनमध्ये माद्यांबरोबर लहान पाडसं असतात आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत नर माजावर असतात. या दोन्ही काळांत त्यांचा भरवसा नाही. एका पहाटे एल्क प्रेअरीत तंबूची चेन उघडली तर एक मादी आमच्या टेबलापासून थोड्याच अंतरावर गवत खात होती. तिच्या श्वासाची वाफ दिसत होती, ओठांनी गवत तोडल्याचा कराकरा आवाज येत होता. बंड्या माझ्या गुडघ्याला चिकटून थरथरत उभा, पण गप्प. मी चेन परत लावली आणि त्याच्या छातीवर हात ठेवून बसले. बाथरूमला जायचं होतं, पण ती स्वतःहून निघून जाईपर्यंत आम्ही तंबूतच थांबलो. कुत्रा एल्कवर भुंकला तर शिंगं आणि खूर फक्त त्याच्याकडेच नाही, त्याची लीश धरलेल्या माणसाकडेही येतात. कळप दिसला की आम्ही मागे फिरतो, मग ती फेरी अर्धी राहिली तरी चालेल.

समुद्राबद्दल मात्र मला हात जोडून सांगायचं आहे. इथला समुद्र बघायला सुंदर आहे आणि पाण्यात जायला वाईट. पाणी बारमाही थंडगार, आणि बराच वेळ शांत वाटणाऱ्या किनाऱ्यावर एखादीच लाट अचानक खूप वर येते. स्नीकर वेव्ह म्हणतात तिला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये हंबोल्ट काउंटीतल्या बिग लगूनच्या किनाऱ्यावर एक कुत्रा लाटेत ओढला गेला. त्याला आणि मग एकमेकांना वाचवायला एकाच घरातले आई, वडील आणि १६ वर्षांचा मुलगा पाण्यात गेले. तिघंही बुडाले. कुत्रा आपला आपण बाहेर आला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बंड्या माझ्या शेजारी झोपलेला होता आणि मला ठाऊक होतं की मीही गेले असते. म्हणून आमच्या घरात हे बोलून ठरवलेलं आहे: बंड्या लाटेत गेला तर कोणीही त्याच्यामागे जायचं नाही. मुलीकडून शब्द घेतला आहे. आणि तशी वेळच येऊ नये म्हणून काठी किंवा चेंडू समुद्राच्या दिशेने कधीच फेकायचा नाही, ओल्या वाळूपासून लांब, वरच्या कोरड्या वाळूतच चालायचं आणि समुद्राकडे पाठ करायची नाही.

कुत्र्यासाठी मोकळे किनारे म्हणजे गोल्ड ब्लफ्स, ओरिकजवळचा फ्रेशवॉटर आणि क्रेसेंट सिटीच्या दक्षिणेचा क्रेसेंट बीच. बंड्याचा आवडता क्रेसेंट. लांब, सपाट, ओंडक्यांनी भरलेला. दक्षिणेला ट्रिनिडाडजवळ मूनस्टोन आणि क्लॅम बीच आहेत, तिथेही कुत्रे दिसतात. पण मार्च ते सप्टेंबर तिथल्या वाळूत स्नोई प्लोव्हर अंडी घालतो. वाळूत नुसता खळगा, त्यात वाळूच्याच रंगाची अंडी. माणसाच्या पायाखाली येतील अशी. कुत्रा दिसला की प्लोव्हर अंडी सोडून पळतो आणि तेवढ्यात कावळे डाव साधतात. कोरड्या वाळूत दोरी बांधलेली दिसली की पलीकडे पाऊल टाकू नका, आणि लीश काढायचा मोह झाला तरी काढू नका.

आता ज्यांच्या कुत्र्याला खऱ्या ट्रेलवर चालायचंच आहे त्यांच्यासाठी. जेडेडाया स्मिथ पार्कापासून हायवे १९९ ने थोडं आत गेलं की सिक्स रिव्हर्स नॅशनल फॉरेस्टमधला स्मिथ रिव्हर नॅशनल रिक्रिएशन एरिया लागतो. हे नॅशनल पार्क नाही, नॅशनल फॉरेस्ट आहे, आणि इथे लीशवरचा कुत्रा ट्रेलवर नेता येतो. गॅस्केट गावाजवळ पँथर फ्लॅटसारखी साधी, स्वच्छ कॅम्पग्राउंड्स आहेत. स्मिथ ही कॅलिफोर्नियातली धरण न बांधलेली शेवटची मोठी नदी. पाणी इतकं निवळशंख हिरवं की तळाचे गोटे मोजता येतात. रेडवूडचं रान पश्चिमेला राहतं, इथे मुख्यतः डग्लस फर आणि ऊन. किनाऱ्यावर धुक्यात गारठलेलो असताना वीसेक मैल आत येऊन बंड्याला नदीत डुंबू देणं म्हणजे सुख.

पण नदीकाठी एक भीती आहे आणि ती किती जणांना माहीतच नसते. उत्तर कॅलिफोर्नियापासून वरच्या किनारी नद्यांमधल्या कच्च्या सॅल्मन, स्टीलहेड आणि ट्राउट माशांत एक परजीवी कृमी असतो आणि त्या कृमीत एक जिवाणू. कुत्र्याने कच्चा मासा, मेलेला मासा किंवा कोणी टाकलेली आतडी खाल्ली तर साधारण आठवड्याभरात ताप, उलट्या, जुलाब, गळ्याच्या गाठी सुजणं सुरू होतं. उपचार झाले नाहीत तर बहुतेक कुत्रे दगावतात. वेळेत कळलं तर नेहमीच्या अँटिबायोटिकने आणि कृमिनाशकाने बरा होतो. अडचण अशी की तोवर आपण घरी परतलेले असतो, आणि दक्षिणेतल्या व्हेटच्या, म्हणजे पशुवैद्याच्या डोक्यात हा आजार लगेच येईलच असं नाही. म्हणून सहलीनंतर दोन आठवड्यांत कुत्रा आजारी पडला तर व्हेटला पहिल्याच वाक्यात सांगा की आम्ही सॅल्मनच्या नदीवर गेलो होतो. माणसाला हा आजार होत नाही. बंड्याला "सोड" हा शब्द कळतो, तरीही मासे साफ करण्याच्या जागेजवळून आम्ही त्याला नेतच नाही.

बाकीच्या जागांबद्दल थोडक्यात. हंबोल्ट रेडवूड्समध्ये अव्हेन्यू ऑफ द जायंट्सचा रस्ता फार सुंदर आहे आणि बर्लिंग्टन कॅम्पग्राउंड अगदी त्यावरच, पण ट्रेल कुत्र्यांना बंद. जाता-येता एक रात्र काढायला उत्तम. स्यू-मेग स्टेट पार्क, २०२१ पर्यंत त्याला पॅट्रिक्स पॉइंट म्हणत, तिथे कॅम्पग्राउंडमध्ये कुत्रा चालतो पण ट्रेलवर नाही आणि अगेट बीचवरही नाही. त्याऐवजी आर्केटा कम्युनिटी फॉरेस्टला थांबा. शहराच्या मालकीचं रेडवूडचं रान, १९५५ पासूनचं, एकदा तोडून परत वाढलेलं, आणि त्याच्या ट्रेलवर कुत्रा नेता येतो. गाडीत कितीतरी तास बसलेल्या बंड्यासाठी हा आमचा ठरलेला थांबा आहे.

आणि साडेतीनशे मैल जायचं नसेल तर सांताक्रूझजवळच्या हेन्री कॉवेल रेडवूड्समध्ये कॅम्प करा. जुन्या झाडांच्या लूपवर कुत्रा चालत नाही, पण पाइपलाइन रोड, मेडो ट्रेल आणि ग्रॅहम हिल ट्रेलवर चालतो, म्हणजे रेडवूडच्या सावलीत भरपूर चालणं होतं. पहिल्यांदाच कुत्र्याला तंबूत झोपवणार असाल तर इथूनच सुरुवात करा. रात्री काही बिनसलं तर तासाभरात घर गाठता येतं.

रात्रीची तयारी वेगळी लागते. ऐन जुलैतही किनाऱ्याजवळ रात्री दमट गारठा असतो आणि छोट्या केसांच्या कुत्र्याला तो बाधतो. बंड्यासाठी जमिनीपासून वेगळं करणारी फोमची मॅट आणि जुनी गोधडी. ओला झाला असेल तर आधी टॉवेलने पूर्ण कोरडा, मगच आत. गळ्यात छोटा दिवा, कारण काळा कुत्रा रेडवूडच्या रात्रीत दोन फुटांवरही दिसत नाही.

झोपण्याआधी गोचिडी. हे काम मी कोणावर सोपवत नाही. कपाळावर दिवा लावून त्याला आडवा करायचा आणि कानांच्या आतून सुरुवात करून पापण्या, हनुवटीखाली, कॉलरखाली, काखा, बोटांच्या मधे, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवत जायचं. केसांच्या विरुद्ध दिशेने. तिळाएवढं काही हाताला लागलं की चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचं. या किनाऱ्यावरची वेस्टर्न ब्लॅकलेग्ड गोचीड लाइम आजार पसरवते, कुत्र्याला आणि आपल्यालाही. पॉयझन ओक या झुडपाचं तेल कुत्र्याच्या केसांवर बसतं. त्याला सहसा काही होत नाही, पण त्याला कुशीत घेतलेल्या माणसाच्या हातावर फोड येतात. तीन-तीन चकचकीत पानं दिसली की त्याला लांबूनच वळवायचं, आणि शंका आली तर हातमोजे घालून शॅम्पूने धुवायचं. तंबूजवळ पिवळी बनाना स्लग, म्हणजे बिनशंखाची गोगलगाय दिसली तर तीही तोंडात घेऊ देऊ नका. तिच्या चिकट स्रावाने तोंड बधिर होतं आणि कुत्रा फेस गाळत राहतो.

स्टेट पार्कांचं बुकिंग रिझर्व्ह कॅलिफोर्निया या वेबसाइटवर सहा महिने आधी, सकाळी ८ ला उघडतं. गोल्ड ब्लफ्सला साइट मोजक्याच, त्यामुळे उन्हाळ्यातले शनिवार-रविवार काही मिनिटांत संपतात. मधल्या वाराला मिळायची शक्यता बरी. डेल नॉर्ट कोस्टमधलं मिल क्रीक कॅम्पग्राउंड फक्त उन्हाळ्यात उघडं असतं, तिथे बऱ्याचदा जागा असते आणि गर्दी कमी. भेदरट किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकणारा कुत्रा असेल तर तेच घ्या. साइट निवडताना नकाशात बाथरूम आणि पाण्याच्या नळापासून दोन-तीन साइट लांबची बघा, म्हणजे रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांवर तो भुंकत बसणार नाही. रेबीजच्या लसीचा कागद गाडीत असू द्या आणि निघण्याआधी क्रेसेंट सिटी किंवा युरेकातल्या एखाद्या व्हेटचा नंबर फोनमध्ये टाकून ठेवा, तिथे गेल्यावर सिग्नल मिळेलच याची खात्री नाही.